क्लाउड चेंबरचा घरगुती संच: चवथीपासून शिमग्यापर्यंत वापरल्यावर

क्लाउड चेंबर म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या कणांच्या वाटा रेघांच्या रूपाने दाखवणारी पेटी. आधी खरेदीचा निकाल सांगते, कारण पैसे टाकण्याआधी माणसाला तेच हवे असते. संच घ्या. ४,८०० रुपये वाया जात नाहीत. पण दिव्याची पट्टी स्वतःची लावा, अल्कोहोल औषधाच्या दुकानातले घेऊ नका, आणि भर पावसात पेटी मांडणार असाल तर काच पुसायला एक माणूस वेगळा बसवा.

मी फोंडा तालुक्यात राहते. ३१ वर्षे मराठी शाळेत विज्ञान शिकवले आणि तीन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. हा संच मी कोणासाठी घेतला ते सांगितल्याशिवाय तो कसा आहे ते मला नीट सांगता येणार नाही, म्हणून थोडी मागे जाते.

१० सप्टेंबर २००८, बुधवार, चवथीचा आठवा दिवस. माझ्या माहेरी केरीला गणपती नऊ दिवसांचा, म्हणजे दुसऱ्या दिवशी विसर्जन. घरात तीसेक माणसे. स्वयंपाकघरात खतखते शिजत होते, आणि बाहेरच्या खोलीत टीव्हीवर सकाळपासून एकच चालले होते: जिनिव्हाजवळ जमिनीखाली महायंत्र सुरू होणार, त्यात कृष्णविवर तयार होणार, पृथ्वी गिळली जाणार. पडद्यावर आग, फुटणारा गोल, आणि कोपऱ्यात उलटे धावणारे घड्याळ. माझ्या भावाची मुलगी तेव्हा नऊ वर्षांची होती. ती माटोळीखाली, म्हणजे गणपतीवर टांगलेल्या फळापानांच्या चौकटीखाली, भिंतीला पाठ लावून बसली होती आणि हातातली नेवरी, म्हणजे करंजी, तशीच धरून होती. मी जवळ गेले तर म्हणाली, "आत्या, आज सगळं संपलं तर उद्या गणपती पोचवणार कोण?"

मी म्हटले, "काही होत नाही गो. एवढे मोठे शास्त्रज्ञ आहेत ते, त्यांना कळत नाही का?"

ती म्हणाली, "टीव्हीवरचे पण मोठेच आहेत."

त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हते. तेव्हा मला शिकवायला लागून सोळा वर्षे झाली होती. मला स्वतःला त्या यंत्राचे, म्हणजे सर्न या संशोधनसंस्थेच्या लार्ज हॅड्रॉन कोलायडरचे, विलक्षण कौतुक होते. प्रोटॉनचे झोत एकमेकांवर आपटवून त्यातून काय निघते ते बघायचे, हे त्याचे काम. महिनाभर मी वर्तमानपत्रातली कात्रणे वहीत डकवत होते. परीघ जवळजवळ २७ किलोमीटर, म्हणजे फोंड्याहून पणजी जेवढी लांब, साधारण तेवढा बोगदा, आणि तोही गोल, फ्रान्स आणि स्वित्झर्लंड या दोन देशांच्या पोटातून, सरासरी शंभर मीटर खोल. त्यात १,२३२ मुख्य चुंबके, एकेक १५ मीटर लांब आणि ३५ टनांचे. ती चुंबके उणे २७१ अंशांवर ठेवायची, म्हणजे तारांमधला विजेचा विरोधच नाहीसा होतो. एवढी धुडे केसभर इकडेतिकडे न होता बसवण्यासाठी जे जॅक लागले, ते हजारोंच्या संख्येने आपल्या देशातून गेले होते. इंदूरच्या राजा रामण्णा केंद्राने ते काम पाहिले. हे वाचून मी शाळेत मुलांना फळ्यावर आकृती काढून दाखवली होती. पण भ्यालेल्या लेकराला आकृती काय करायची!

आपल्या घड्याळात दुपारी १ वाजून ५८ मिनिटांनी प्रोटॉनच्या झोताने पहिली पूर्ण फेरी मारली. तिथल्या पडद्यावर दोन ठिपके उमटले आणि नियंत्रणकक्षातली माणसे टाळ्या वाजवत उठली. आमच्याकडे त्या वेळी पहिली पंगत बसली होती. त्या दिवशी टक्कर होणारच नव्हती, ही गोष्ट मात्र त्या आरडाओरड्यात कोणीही सांगितली नाही. एक झोत फिरवून बघायचा, एवढेच काम होते, तेही कमी ऊर्जेवर. पहिल्या टकरा व्हायला २००९चा नोव्हेंबर उजाडला आणि मोठ्या ऊर्जेच्या टकरा ३० मार्च २०१०ला झाल्या. मुलीला कोणी एवढे जरी सांगितले असते, तरी तिने ती नेवरी खाल्ली असती.

त्याच दिवसांत मध्य प्रदेशातल्या १६ वर्षांच्या एका मुलीने या बातम्या बघून घाबरून जीव दिल्याचे छापून आले. ते कात्रणही माझ्या वहीत आहे. वही उघडली की आजही तिथे हात थांबतो. यंत्र बांधणाऱ्यांनी तिचे काही वाईट केले नव्हते आणि तिच्या आईबापांनीही नाही. तिच्या प्रश्नाला तिच्या भाषेत, तिच्या डोळ्यांना पटेल असे उत्तर वेळेवर मिळाले नाही. शिक्षिका म्हणून मला ते लागले आणि अजून लागते.

म्हणून हा संच.

खोक्यात काय येते: वीतभर उंचीची काचेची चौकोनी पेटी, तळाला काळी अॅल्युमिनियमची पत्रा-पट्टी, वर आतल्या बाजूने चिकटवायची जाड फेल्टची (दाबलेल्या लोकरी कापडाची) पट्टी, थर्मोकोलचा ट्रे, एलईडीची पट्टी आणि इंग्रजीतली आठ पानांची पुस्तिका. ड्राय आइस (गोठवलेला कार्बन डायऑक्साइड) आणि अल्कोहोल आपण आणायचे. काम साधे आहे. वरची फेल्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने भिजवायची, पेटी ड्राय आइसवर ठेवायची. अल्कोहोलची वाफ वरून खाली उतरते आणि उणे ७८ अंशांच्या बर्फावर टेकलेल्या थंडगार पत्र्याजवळ येते, तेव्हा तिला थेंब व्हायचे असते पण निमित्त मिळत नाही. अशा वेळी एखादा विद्युतभारित कण तिच्यातून गेला, की त्याच्या वाटेवर थेंब धरतात आणि पांढरी रेघ उमटते. उंचावरून गेलेले विमान दिसत नाही पण मागची रेघ दिसते, तसेच. स्कॉटलंडच्या सी. टी. आर. विल्सन यांनी ही युक्ती शंभराहून अधिक वर्षांपूर्वी काढली आणि १९२७चे नोबेल मिळवले.

माझे पहिले दोन प्रयत्न फुकट गेले. पुस्तिकेत नुसते "आयसोप्रोपिल अल्कोहोल" लिहिले आहे. मी औषधाच्या दुकानातली बाटली आणली, ती ७० टक्क्यांची, उरलेले पाणी. पेटीत नुसते धुके आणि पत्र्यावर बर्फाची साय. ९९ टक्क्यांचे लागते. इलेक्ट्रॉनिक्सचे सामान विकणारे सर्किट पुसायला ठेवतात, ते चालते. मडगावला अर्धा लिटर मिळाले. ही एक ओळ विक्रेत्याने पुस्तिकेत घातली असती तर माझे दोन रविवार आणि सहा किलो ड्राय आइस वाचले असते.

ड्राय आइस हीच खरी अडचण. आइस्क्रीमच्या गाड्यांना पुरवणारा एकजण वेर्ण्याला आहे, तो तीन किलोंखाली देत नाही आणि आदल्या दिवशी सांगावे लागते. लग्नात नवरा-नवरीच्या पायाशी धूर सोडणाऱ्यांकडेही असतो, पण लग्नसराईत ते आपल्याला कशाला देतील! आणलेला बर्फ थर्मोकोलच्या खोक्यात ठेवा, झाकण सैल ठेवा. डब्यात किंवा बाटलीत घट्ट बंद केला तर वायूच्या दाबाने डबा फुटतो. हाताला जाड मोजे घाला, खिडक्या उघड्या ठेवा, अल्कोहोलजवळ समई-निरांजन नको. या सूचना पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरात आहेत. त्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात हव्यात, कारण हा संच मुलांच्या घरात जाणार आहे.

तिसरा प्रयत्न दिवाळीत. पावसाळा सरला होता, त्यामुळे काच बाहेरून घामेजत नव्हती. चवथीच्या दिवसांत ती सारखी घामेजायची आणि आतले काही दिसायचे नाही. नरकचतुर्दशीला सकाळी सगळ्यांचे फोव खाऊन झाले, आणि भावाची तीच मुलगी, आता २६ वर्षांची, मडगावला बँकेत आहे, ती मला मदतीला बसली. खोली काळोखी केली, पेटी मांडली, दिवा बाजूने आडवा सोडला. पहिली दहा मिनिटे काहीच नाही. मग तळाशी बारीक पाऊस दिसू लागला, धुळीएवढ्या थेंबांचा, हळू उतरणारा. आणि मग त्या पावसात एक रेघ. सरळ, बारीक, कोऱ्या धोतराच्या सुतासारखी. सेकंदभर राहिली, वाकली, विरली. तेवढ्यात दुसरी, आखूड आणि जाड, जणू कोणी खडूचा तुकडा आडवा ओढला. मग एक वेडीवाकडी, वळत गेलेली.

"ह्या कुठून येतात?" तिने विचारले.

जाड-आखूड रेघा हवेत असलेल्या रेडॉन या किरणोत्सारी वायूतून निघणाऱ्या अल्फा कणांच्या. वेड्यावाकड्या इलेक्ट्रॉनच्या. आणि ती सरळ सुतासारखी बहुधा म्युऑनची, म्हणजे इलेक्ट्रॉनच्याच जातीच्या पण जड कणाची. अंतराळातून आलेले प्रोटॉन आपल्या वातावरणाच्या वरच्या थरात हवेच्या अणूंवर आपटतात. टक्कर होते, साधारण तशीच जशी त्या बोगद्यात घडवतात, आणि त्या टकरीतून जे कण निघतात त्यांपैकी म्युऑन खाली आपल्यापर्यंत पोचतात. मी तिला हात पेटीवर धरायला सांगितले. म्हटले, तळहातातून सेकंदाला साधारण एक म्युऑन जातो आहे. आत्ता जातो आहे. तू माटोळीखाली बसली होतीस तेव्हाही जात होता, आपल्या खापरपणजीच्या हातातूनही गेला.

ती बराच वेळ हात तसाच धरून राहिली. मग म्हणाली, "आत्या, हे तेव्हा का नाही दाखवलंस?"

तेव्हा मला हे करता येते हेच माहीत नव्हते. पुस्तकात क्लाउड चेंबरची आकृती होती, परीक्षेला दोन गुणांना येत असे, आणि ते घरच्या टेबलावर उभे राहते असे मला कोणी सांगितले नव्हते.

माझा पुतण्या इंजिनिअर आहे. त्याने तिथेच बसून खरा अवघड प्रश्न काढला, आणि तो इथे लिहिते कारण पेटी मांडली की एखादा हुशार मुलगा हेच विचारणार. तो म्हणाला, आकाशातला कण स्थिर अणूवर आपटतो, त्यामुळे टकरीतून काही भयंकर तयार झालेच तर ते वेगात पृथ्वीच्या आरपार निघून जाईल. यंत्रात दोन झोत समोरासमोर येतात, तिथे तयार झालेले जागच्या जागी राहू शकते. मग आकाशाचा दाखला लागू कसा? हा प्रश्न शास्त्रज्ञांनाही पडला होता आणि त्यांनी तो टाळला नाही. २००८मध्येच गिडिंग्ज आणि मांगानो या दोघांनी हिशेब मांडला की पृथ्वी सोडा, श्वेत बटू आणि न्यूट्रॉन तारे, म्हणजे मोठ्या ताऱ्यांचे मागे उरलेले गाभे, बघा. ते इतके दाट असतात की वेगाने आलेले असे कृष्णविवरही त्यांच्यात अडकेल. त्यांच्यावरही हे कण अब्जावधी वर्षे आदळत आहेत, आणि ते तारे आहेत तिथे आहेत. शिवाय अंतराळातून आलेल्या काही कणांची ऊर्जा त्या यंत्रातल्या प्रोटॉनच्या कोट्यवधी पट मोजली गेली आहे. १९९१मध्ये अमेरिकेत युटाच्या वाळवंटात असा एक कण नोंदला गेला. मुद्दा असा की "शास्त्रज्ञ मोठे आहेत" हे उत्तर नव्हे. "हे निसर्गात रोज घडते आणि त्याच्या खुणा आपण तपासल्या" हे उत्तर आहे. अर्धे उत्तर पेटीत दिसते, उरलेले अर्धे आपण बोलून द्यायचे.

आता दिव्याची तक्रार. दिवाळीच्या त्या दिवशी अर्ध्या तासाने एलईडीची पट्टी विझली. उघडून पाहिली तर तारेचा सोल्डर सुटलेला, जोड धड धरलेलाच नव्हता. गावातल्या इलेक्ट्रिशियनने पाच मिनिटांत लावून दिला. पण मला तिथेच २००८ची दुसरी बातमी आठवली. १० सप्टेंबरनंतर नऊच दिवसांनी, १९ तारखेला, ते महायंत्र बंद पडले. कारण काय, तर दोन चुंबकांमधला विजेचा एक जोड सदोष होता. अशा सुमारे दहा हजार जोडांपैकी एक. तो तापून वितळला, ठिणगी पडली, हेलियमच्या नळीला भोक पडले आणि टनावारी हेलियम बोगद्यात सुटला. चुंबके जागची हलली, ५३ चुंबके बाहेर काढावी लागली, वर्षाहून अधिक काळ दुरुस्तीत गेला. पृथ्वी गिळण्याच्या बातम्यांना दिवस दिवस देणाऱ्यांनी याला पाव रकानासुद्धा दिला नाही. मला मात्र मुलांना सांगायला यापेक्षा चांगली गोष्ट नाही. भय कृष्णविवराचे घातले गेले, आणि घोटाळा केला एका जोडाने. माणसांनी तो शोधला, बाकीचे जोड तपासले आणि मग ४ जुलै २०१२ला हिग्ज बोसॉन हा कण सापडल्याचे सांगितले. त्या दिवशी सभागृहात बसलेल्या पीटर हिग्ज यांनी डोळे पुसले. ज्या कणाचे गणित १९६४मध्ये मांडले तो जिवंतपणी बघायला मिळाला. आणि त्या नावातला "बोसॉन" आपल्या सत्येंद्रनाथ बोस यांच्यावरून आला आहे, हे वर्गात सांगितले की मागच्या बाकावरची मुलेही मान वर करतात.

विक्रेत्याचे नाव इथे घेत नाही. दिव्याबद्दल त्याला लिहिले, दोन दिवसांनी उत्तर आले की दिव्याला हमी नाही. पेटीच्या कडेची रबरी पट्टी पहिल्याच थंडीत चिरली होती, ती मात्र फुकट पाठवली. मी मराठीत चार पानांची कृती लिहून पाठवली आहे, अल्कोहोलची टक्केवारी, बर्फाची काळजी आणि कोणती रेघ कशाची, सगळे घालून. "पुढच्या खोक्यांत छापून घालतो" असे त्याने कळवले. शिमगा झाला, अजून घातलेली नाही. गोव्यात, कोकणात, घाटावर मराठी शाळा आहेत, त्यांच्यासाठी वस्तू विकायची तर चार पाने मराठी छापायला काय हरकत आहे?

काच मात्र चांगली आहे. काळा पत्राही उत्तम, त्यावर रेघ ठसठशीत उठते. नोव्हेंबरपासून मी ही पेटी आठ ठिकाणी नेली. दोन शाळा, एक वाचनालय, एक देवळाची अग्रशाळा आणि बाकी घरे. अग्रशाळेत एका मिनिटात मुलांनी ३७ रेघा मोजल्या. एकाच वेळी आठ-दहा डोकीच पेटीभोवती मावतात, म्हणून वर्गासाठी घेत असाल तर गट पाडा, किंवा वरून मोबाइलचा कॅमेरा लावून भिंतीवर दाखवा. एका बर्फात तासभर निघतो. वर कोमट पाण्याची पिशवी ठेवलीत तर वाफ जास्त सुटते आणि रेघा वाढतात. हेही पुस्तिकेत नाही, मला करता करता कळले.

एका घरी आजींनी मोबाइल पुढे केला. त्यावर जिनिव्हाच्या त्या संस्थेच्या आवारातल्या नटराजाचा फोटो होता आणि खाली लिहिले होते की तिथे प्रलयाची पूजा चालते. ती दोन मीटर उंच मूर्ती भारत सरकारने २००४मध्ये भेट दिली आहे, आपला देश तिथल्या कामात किती वर्षे हात लावतो आहे त्याची खूण म्हणून. २०१७पासून भारत त्या संस्थेचा सहयोगी सदस्यही आहे. आजींनी सगळे ऐकून घेतले, मग पेटीत पाहिले आणि विचारले, "ह्या रेघा माझ्या देवघरात पण पडतात?" म्हटले, पडतात. त्यांनी देवघरातला दिवा स्वतः उठून शांत केला आणि पेटी तिथेच मांडायला लावली.

आता तिकडे सुमारे ९१ किलोमीटर परिघाच्या आणखी मोठ्या यंत्राचा विचार चालू आहे. बांधले गेलेच तर सुरू व्हायला अजून कितीतरी वर्षे लागतील, तेव्हा मी असेन-नसेन. पण तेव्हाही कोणीतरी उलटे घड्याळ लावेल आणि कुठल्यातरी माटोळीखाली कोणीतरी नेवरी हातात धरून बसेल. त्या दिवसाआधी ही पेटी जितक्या घरांत पोचेल तितकी मला हवी आहे.

पाचपैकी चार गुण देते. एक गुण दिव्याच्या जोडाचा आणि इंग्रजी पुस्तिकेचा कापला. विकत घेण्याआधी बघायची असेल तर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सकाळी मी आमच्या गावच्या वाचनालयात मांडते. बर्फ शनिवारी सांगावा लागतो, म्हणून यायचे असेल तर वाचनालयात शुक्रवारपर्यंत नाव द्या.